किनाऱ्यावर संध्याकाळचा कार्यक्रम: गाणी, जेवण आणि ६०० माणसं. आखणी तपासून द्या

रेतीघड्याळ
शहराच्या किनाऱ्यावर मोहल्ल्यातल्या सगळ्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम ठरतोय. आखणी अशी: पौर्णिमेचा शनिवार, ५ ते ९, अंदाजे ६०० माणसं. पाण्याजवळ स्टेज, म्हणजे गाणाऱ्यांच्या मागे समुद्र आणि चंद्र दिसेल. खाण्याचे ८ स्टॉल, ३ बाय ३ मीटरच्या १० छत्र्या (घडीच्या लोखंडी चौकटीवाल्या), एक जनरेटर. आवराआवर ९ ते ११. जागेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी चालू आहे, त्यावर इथे चर्चा नको. बाकी काय चुकतंय ते सांगा.

उधाणभांग
तारीख कॅलेंडरवरून ठरवली आहे की भरतीच्या तक्त्यावरून? किनाऱ्यावर आधी पाणी ठरतं, मग तारीख, मग वेळ, मग बाकी सगळं. उलट्या क्रमाने गेलं की स्टेज, वीज, स्वयंपाक सगळं चुकीच्या जागी जातं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं: भरती सर्वांत वर, ओहोटी सर्वांत खाली. खरा कळस बहुतेक ठिकाणी तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट मात्र आयोजकांच्या लक्षात येत नाही: एका ठिकाणी पौर्णिमेची भरती दर महिन्याला जवळपास त्याच घड्याळी वेळेला येते. काही बंदरांवर ती बाराच्या सुमारास असते, काहींवर सहाच्या. तुमच्याकडे बाराची असेल तर पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी, किनारा ऐसपैस. सहाची असेल तर पौर्णिमेची संध्याकाळ कायमच पाण्याखाली, मग तारीख कितीही पुढे ढकला. अशा ठिकाणी अष्टमी धरावी.

आणि हे सगळं दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांसाठी. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसाला एकच भरती येते. भूमध्य समुद्रात चढउतार बहुतेक जागी अर्ध्या मीटरच्या आतला, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत. म्हणून दुसऱ्या शहराचा अनुभव उसना घेऊ नका, आपल्या बंदराचा तक्ता उघडा आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची इथे टाका. किनाऱ्याचा उतारही हवा.

रेतीघड्याळ
तक्त्यात ओहोटी संध्याकाळी ५:५५, ०.२ मीटर. भरती रात्री १२:१०, ४.२ मीटर. म्हणजे आपण सुदैवी. उतार कसा मोजायचा?

उधाणभांग
गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन काठ्या उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर रोवा, नळीत पाणी भरून दोन्ही टोकं काठ्यांना लावा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, तो राहिला की मोजमाप हमखास चुकतं. दोन्ही काठ्यांवर पाण्याच्या रेषेपासून वाळूपर्यंतचं अंतर मोजा. फरक २५ सेंटीमीटर आला तर उतार ४० ला १. तीन-चार जागी मोजा, कारण वरची कोरडी वाळू जास्त चढी आणि खालची ओली वाळू सपाट असते.

रेतीघड्याळ
मोजलं. खालच्या भागात सगळीकडे ४० ला १ च्या जवळपास. वर कचऱ्याची आणि शेवाळाची रेघ आहे, तिच्यापलीकडे २५ मीटर कोरडी वाळू, मग संरक्षक भिंत. लांबी ६० मीटर वापरता येईल. खाली यायला भिंतीत एकच उतरण, २ मीटर रुंद.

उधाणभांग
आता हिशेब पाहा. ओहोटी ते भरती ४ मीटरचा फरक, उतार ४० ला १, म्हणजे पाणी आडवं १६० मीटर आत येणार. पण ते सारख्या वेगाने येत नाही. ढोबळ नियम बारा भागांचा: पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १.

संध्याकाळी ७ पर्यंत जेमतेम १३ मीटर. कोणाच्या लक्षातही येणार नाही. ८ वाजता ४० मीटर. ९ वाजता, म्हणजे कार्यक्रम संपताना, ८०. आणि ११ वाजता, आवराआवर चालू असताना, १४७ मीटर. पाणी सर्वांत जोरात येतं ते ८ ते १० मध्ये. तेव्हा माणसं दमलेली असतात, अंधार असतो आणि सामान उघड्यावर पसरलेलं असतं. तुमच्या आखणीतली धोक्याची वेळ गाण्याची नाही, आवराआवरीची आहे.

पाण्याजवळ स्टेज बसणार नाही. नेमकं किती पाण्याजवळ? पाचला जिथे पाण्याची कड आहे तिथे नऊला ती नसेल.

तक्त्यातली उंची ही शांत हवेतली असते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं. दाब १० ने कमी असेल तर १० सेंटीमीटर, तुमच्या उतारावर ४ मीटर आत. समुद्राकडून सतत वारा असेल तर आणखी, लाटांची धाव त्याहून वेगळी. म्हणून वीज, स्वयंपाक, जनरेटर, स्वच्छतागृहं हे सगळं कचऱ्याच्या रेघेच्या वर, आणि रेघेपासूनही काही मीटर सोडून. ती रेघ भांगाच्या दिवसात बघितली तर फसाल. दोन रेघा दिसत असतील तर वरची धरा, ती मागच्या उधाणाची. खालच्या वाळूवर फक्त हातात उचलून नेता येईल असं सामान: सतरंज्या, चटया.

ध्वनिलहर
स्टेज भिंतीला पाठ करून लावा, स्पीकर समुद्राकडे. गाणाऱ्यांच्या मागे समुद्र दिसणार नाही, पण पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो. तुमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर चंद्र तसाही जमिनीकडून, म्हणजे स्टेजच्या मागूनच येईल.

समुद्राकडे स्पीकर करण्याचं मुख्य कारण शेजारी. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर १०० असेल तर ३२ मीटरवर ७०. पण हा हिशेब मोकळ्या, शांत हवेतला. दिवसा वाळू तापलेली असते, तेव्हा आवाज वर वळतो आणि मागच्या माणसाला कमी ऐकू येतं. सूर्यास्तानंतर खालची हवा गार आणि वरची उबदार झाली की तोच आवाज खाली वळतो आणि खूप लांब जातो. सहा वाजता मिक्सरवर लावलेली पातळी साडेआठला तशीच ठेवली तर वस्तीत त्रास होतो. दर तासाला एका माणसाने सर्वांत जवळच्या घरापाशी जाऊन ऐकून यावं.

मायक्रोफोनवर फोमची टोपी घालाच. संध्याकाळचा वारा समुद्राकडून थेट स्टेजवर येणार, आणि टोपी नसेल तर स्पीकरमधून नुसती धडधड ऐकू येते. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचं कापणारं बटण असतं, गाण्याच्या माइकवर ते दाबून ठेवा.

६०० माणसं बसली की शेवटची रांग ३५-४० मीटरवर जाते. पुढचे स्पीकर जोरात लावून मागे पोचवू नका, पुढच्यांचे कान जातात. २५ मीटरवर लहान स्पीकरची एक जोडी उभी करा आणि त्यांना उशीर द्या: आवाजाला मीटरमागे सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ७२. त्यात १०-१५ मिळवा. तेवढं मिळवलं की आवाज स्टेजवरूनच येतोय असं कानाला वाटतं. उशीर दिलाच नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

रेतीघड्याळ
स्टेज भिंतीकडे घेतो. छत्र्यांना खुंट्या पुरतील का? सोबत लोखंडी खुंट्या येतात.

तारजोड
वाळूत त्या खुंट्या धरत नाहीत. पहिल्या झोतात सुटतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३६ किमी वेगाला चौरस मीटरवर सुमारे ६१ न्यूटन. तुमच्या छत्रीचं छत ९ चौरस मीटर, म्हणजे ५५० न्यूटन, साधारण ५६ किलो उचलण्याइतका जोर. झोत ५४ किमीचा आला तर १२६ किलो. वेग दीडपट, जोर सव्वादोन पट. अंदाजात सांगितलेला वेग सरासरी असतो, झोत त्याच्या दीडपट सहज जातो. म्हणून प्रत्येक पायाला ३५-४० किलो वजन. सिमेंटची रिकामी गोणी पाऊण भरली की कोरड्या वाळूचे तेवढे होतात. २० लिटरचे पाण्याचे दोन भरलेले कॅनही चालतील. वजन पायापाशी नुसतं ठेवून उपयोग नाही, दोरीने चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला बांधा.

दोरी ताणायचीच असेल तर वाळूत ६० सेंटीमीटर खड्डा खणा, दोरीला आडवी अशी फळी किंवा भरलेली गोणी पुरा, वर वाळू टाकून पाण्याने ओली करून तुडवा. दोरी ४५ अंशात वर आणा आणि तिला रंगीत फडकं बांधा, अंधारात माणसं अडखळतात.

ब्यूफोर्ट मापनात ६ म्हणजे ३९ ते ४९ किमी, त्या वाऱ्यात हातातली छत्री सांभाळणं जड जातं. ५ ची वरची सीमा ३८. तिथे पोचलात की छतं उतरवायची, चर्चा नाही. हा निर्णय कोण घेणार ते आधी लिहून ठेवा.

विजेचं. जनरेटरपासून ५० मीटरवरच्या स्टॉलला १.५ चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली आणि १६ अँपिअर ओढले तर जाऊन-येऊन १०० मीटरमध्ये १९ व्होल्ट जातात. २३० वर हे आठ टक्क्यांहून जास्त. २.५ ची केबल घेतली तर १२ व्होल्ट, पाच टक्के. शिवाय गुंडाळीवरची केबल पूर्ण उलगडा. अर्धी गुंडाळलेली राहिली तर आतले वेटोळे तापून आवरण वितळतं. हे बाहेरून दिसत नाही, वास आला की उशीर झालेला असतो.

जनरेटरवरून निघणाऱ्या प्रत्येक फांदीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. चालू करण्याआधी त्याचं चाचणीचं बटण दाबून पडतो का ते बघा. जोड वाळूवर ठेवायचे नाहीत, काठीला कमरेइतक्या उंचीवर टांगा, तोंड खाली. खाऱ्या दमट हवेत जोडावर ओलसर थर बसतो आणि आरसीसीबी विनाकारण पडल्यासारखा वाटतो. तो विनाकारण पडत नसतो. कोणी तो काढून थेट जोडायला निघालं तर थांबवा, ओला जोड शोधून पुसा.

जनरेटरची भूदांडी (अर्थिंगची सळई) कोरड्या वाळूत ठोकू नका, कोरडी वाळू वीज जवळजवळ घेत नाही. ओल लागेपर्यंत खोल जायला हवं. आणि रात्री वारा फिरतो, समुद्राकडचा बंद होऊन जमिनीकडचा सुरू होतो. पाच वाजता धूर ज्या बाजूने लांब जात होता, नऊ वाजता तोच स्टॉलवर येईल. कडेच्या टोकाला ठेवा.

पायवाट
एकच उतरण, २ मीटर. ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. सपाट पक्क्या जमिनीवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसं सुरक्षित जातात, पायऱ्यांवर ६६. म्हणजे कागदावर ६०० माणसं चार मिनिटांत बाहेर. पण वाळूत पाय रुततात, मुलं कडेवर असतात, आणि त्याच वाटेने तुमचं सामान येणार असेल तर हिशेब कोलमडतो. सामान चारच्या आत खाली, आणि परत वर काढणं शेवटचा माणूस गेल्यावरच. उतरणीच्या तोंडाशी स्टॉल नको. खाण्याची रांग तिथे वळली की वाट बंद.

पहिले १५-२० मीटर जाड प्लायवूडचे तक्ते किंवा चाकखुर्चीसाठीच्या चटया अंथरा, दीड मीटर रुंद, सांधे सपाट. साधी चाकखुर्ची कोरड्या वाळूत पुढच्या छोट्या चाकांवर रुतते. तक्ता स्टेजसमोरच्या पहिल्या रांगेपर्यंत न्या, उतरणीपाशीच संपवू नका. तिथे बसणाऱ्याला वाळूत अर्धवट सोडल्यासारखं होतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे १० किमीच्या आत. कार्यक्रम थांबवा, माणसं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाड्यांत. छत्री हा आसरा नाही, लोखंडी पाय असलेली तर मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

चूलबर्फ
८ स्टॉल पुरतील का ते आधी बघू. एका ताटाला दीड मिनिट लागलं तर एक खिडकी तासाला ४० देते. ६०० जणांना साडेसहा ते साडेआठमध्येच भूक लागणार, म्हणजे तासाला ३००. आठ खिडक्यांमधून ३२० होतात. जेमतेम. एक बंद पडली की रांग लांबत जाते आणि ती परत आखूड होत नाही. उपाय दोन: प्रत्येक स्टॉलवर तीनच पदार्थ, आणि पैसे घेणारा माणूस वाढणाऱ्याहून वेगळा. पैसे एका जागी घेऊन कुपनं दिली तर आणखी बरं, हात स्वच्छ राहतात.

मासे असतील तर बर्फ मोजून मागवा. उन्हाळी हवेत किलोमागे किलो, कुटलेला, खाली-वर थर, आणि वितळलेलं पाणी खालून वाहून जायला भोक. पाण्यात तरंगणारा मासा गार दिसतो पण लवकर बिघडतो. बांगडा, टूना यांसारखे मासे ऊबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. वास नसतानाही खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून दुपारी तीनला आणून 'तळायचेच आहेत' म्हणत बाहेर ठेवलेले मासे घेऊ नका. शिंपल्या शिजवण्याआधी टिचकी मारून बघा, उघडी राहिली ती टाका.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ च्या खाली. मध्ये दोन तासांहून जास्त नाही, हवा ३२ च्या वर असेल तर एकच तास. प्रत्येक स्टॉलवर टोचून बघायचा थर्मामीटर ठेवा.

गॅसचं सिलिंडर उभं, छत्रीच्या बाहेर. नळी साबणाच्या पाण्याने तपासा. समुद्राचा वारा ज्योत विझवतो आणि गॅस चालू राहतो. तो हवेपेक्षा जड, खाली साठतो. शेगडीला तीन बाजूंनी पत्रा लावा, सिलिंडरभोवती नाही.

रेतीघड्याळ
दोन स्टॉल कोळशाच्या शेगडीवर आहेत. शेवटी कोळसे वाळूत पुरले तर चालेल ना?

चूलबर्फ
अजिबात नाही. वाळू आग विझवत नाही, झाकते. आतला कोळसा तासन्‌तास धगधगत राहतो, वरची वाळू साधी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडतो. किनाऱ्यावरच्या भाजण्यांचं हे नेहमीचं कारण. पाणी ओता, ढवळा, परत ओता, वाफ थांबेपर्यंत. मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघा आणि लोखंडी बादलीतून वर न्या.

मर्यादवेल
भिंतीजवळ जांभळी फुलं येणारी, वाळूवर पसरलेली वेल असेल तर तीवर गोण्या, केबल, माणसं काही नको. ती वाळू धरून ठेवते. दोरी लावून वेगळी करा.

तुमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर त्या हंगामात हा कार्यक्रम तिथे नकोच. पिल्लं उजेडाकडे जातात आणि समुद्राऐवजी स्टेजकडे वळतात. गाडीच्या चाकाच्या खोल चरातूनही त्यांना बाहेर पडता येत नाही.

कचऱ्याबद्दल: कागदी चकचकीत तुकडे, फुगे, भुकटी यांवर पूर्ण बंदी. केबल टायची कापलेली टोकं हा किनाऱ्यावर सर्वांत हमखास राहणारा कचरा, म्हणून कापणाऱ्याच्या कमरेला पिशवी बांधा. साफसफाई उद्या सकाळी ठेवू नका, मध्यरात्रीची भरती खालच्या वाळूवरचं सगळं घेऊन जाईल. नऊ वाजता गाणं संपलं की आधी खालचा पट्टा: दीड-दीड मीटरवर माणसं एका ओळीत, डोक्याला विजेरी, पाण्याच्या कडेपासून वर. वरचा पट्टा नंतर.

स्वच्छतागृहं दर १०० स्त्रियांमागे किमान एक, भिंतीच्या वर, जिथे टँकर पोचतो तिथे.

रेतीघड्याळ
बदल: कार्यक्रम ४:३० ते ८. स्टेज भिंतीला पाठ करून. वीज, स्टॉल, शेगड्या रेघेच्या वर. खाली फक्त चटया. आवराआवर ८ ते १०. एक शंका: अंधारात पाणी कुठवर आलं हे कसं कळणार? पाठ त्याच दिशेला असते.

उधाणभांग
बांबू. ओहोटीला, सहाच्या सुमारास, तीन बांबू रोवा आणि प्रत्येकावर प्रकाश परतवणारी पट्टी चिकटवा. तेव्हाच्या पाण्याच्या कडेपासून वर मोजत जा: पहिला ४० मीटरवर, दुसरा ८० वर, तिसरा कचऱ्याच्या रेघेच्या १० मीटर खाली. पहिल्याला पाणी लागणार साधारण आठला, म्हणजे चटया उचलायला सुरुवात. दुसऱ्याला नऊला, त्याआधी खालचा पट्टा झाडून रिकामा. पहिला बांबू साडेसातलाच भिजला तर समजा पाणी तक्त्याच्या पुढे धावतंय, आणि त्या क्षणी शेवटची दोन गाणी रद्द. एक माणूस फक्त बांबूंकडे बघायला ठेवा, त्याच्याकडे शिट्टी द्या आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका.